झाकणभर सिरका

आमच्या घरात कांद्यावरच्या सिरक्याचा वास येते. चायनीजच्या गाडीवर व्हिनेगरचा येते, तोच. आता तेवढ्या वासानंबी मी वरमतो.

मले लहानपणापासून खोड हाय, कोणाचाबी आवाज काढतो. शाळेत हेडमास्तरच्या आवाजात अख्ख्या वर्गाले सुट्टी देल्ली होती. तसाच एकदा मोबाइलवरच्या तब्येतवाल्या डॉक्टरचा काढला, गोड गोड: "मित्रांनो, जेवणाआधी चमचाभर सिरका घ्या आणि शुगर विसरून जा." दोस्ताइले पाठवला. फिरत फिरत तो वणीच्या कोळसा ट्रकवाल्या ड्रायव्हर लोकाइच्या ग्रुपवर गेला. त्याच ग्रुपवर बाबा. अन् बाबाले शुगर.

खाणीवर कोळसा भराले ट्रकचा नंबर कधी लागन, सांगता येत नाही. डबा कधी बाराले उघडते, कधी चारले. एकदा जेवणाआधीची गोळी घेतली अन् तेवढ्यात नंबर लागला. जेवण राह्यलं, शुगर एकदम उतरली, बाबाचे हातपाय थरथर कापले. तवापासून त्याइले गोळीची धास्तीच होती. सिरका सोपा पडला. केबिनमध्ये गिलास नाही, मंग बाटलीचं झाकण भरून तसाच, बिनपाण्याचा.

महिन्यानं भाकर चावताना दात आंबाले लागले. आईनं पँट धुवाले घेतली त खिशात गोळ्याइची पत्ती निघाली, एकबी न फोडलेली. मी बाबाले सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाही, थकल्यावानी बोलल्या. सिरका पाण्यात नाहीतर कांद्यावर टाकून जेवणासंगं घेतला, त काही लोकाइची जेवणानंतरची शुगर थोडी कमी चढते. थोडीच. गोळीच्या जागी नाही. असंच चाललं त डोळ्यावर येईन, स्टेअरिंग सुटन. मंग त्याइनं गोळी बदलली, जेवताना घ्यायची देल्ली.

वापस येताना बसमध्ये मी सांगून टाकलं, "बाबा, तो आवाज माहा होता."

बाबा खिडकीतून पाहून राह्यले होते. "पह्यल्याच शब्दाले ओळखला मी."

"मंग घेतला काहून?"

"वाटलं, पोट्ट्यानं कुठंतरी वाचलं असंन. तू सरळ सांगतं कधी?"

ते बसमध्ये झोपले, मी जागा राह्यलो.

घरी आल्यावर त्याइच्याच मोबाइलवरून ग्रुपवर सरळ बोललो, तो सिरक्यावाला आवाज माहा होता, मस्करी होती, गोळी सोडू नका. वाटलं, शिव्या येतीन. एकानं अंगठा टाकला. दुसऱ्यानं इचारलं, गुडघ्यासाठी काही हाय काय.

आता रोज दुपारी फोन लावतो. नंबर लागला का, भाकर खाल्ली का, गोळी घेतली का. बाबा म्हणतात, घेतली. खरं का खोटं, येथून मले कसं समजन? संध्याकाळी डबा धुतो म्हणून मांगतो, अन् डब्यासंगं ठेवलेल्या पत्तीतल्या गोळ्या मोजतो.