वहिनीचं ‘येते’

माझी वहिनी लग्नाआधीपासून नर्स. लहान मुलांच्या वॉर्डात पोराने भोकाड पसरायच्या आत तिचं इंजेक्शन देऊन झालेलं असायचं म्हणे. दादापाठोपाठ ती या देशात आली, तर इथल्या नर्सिंग मंडळाने बजावलं, आधी आमच्या भाषेची तोंडी परीक्षा पास व्हा. तोवर रोजगार कार्यालयाने काम दिलं ते हॉस्पिटलच्या लाँड्रीत. बाकीच्या नर्सेसचे गणवेश इस्त्री करायचे! माझं तर डोकंच फिरलं. वहिनी मात्र कॉलरवर इस्त्री फिरवता फिरवता शेजारणीशी बोलून भाषा पक्की करत होती.

तरी दोनदा नापास झाली. लाँड्रीत तोंडाचा पट्टा चालायचा, परीक्षकांसमोर दातखीळ बसायची. तिसरी संधी शेवटची होती. ती हुकली की नर्सिंग कायमचं सुटलं. सोबतीला म्हणून मी गेले आणि अर्धवट उघड्या दाराबाहेर कान टवकारून बसले.

आत एक आजोबा पेशंट बनून पलंगावर झोपले होते. वहिनीने ताप पाहिला, उशी नीट केली, कशीबशी चार वाक्यं बोलली आणि निघताना आपलं ‘येते हं’ जसंच्या तसं त्यांच्या भाषेत म्हणून मोकळी झाली. झालं! आजोबा तिची वाट बघत पडून राहिले. परीक्षक बाईंनी विचारलं, “येणार होतात ना? कधी?”

मी दाराच्या फटीला डोळा लावला. वहिनी आधी गोरीमोरी झाली, आणि मग जी सुटली!

“अहो, आमच्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. अशुभ वाटतं. माझ्या सासूबाई तर लगेच ओरडतात. म्हणून ‘येते’ म्हणायचं आणि खुशाल निघून जायचं! माझे वडील तर ‘येतो’ म्हणून दारातच तासभर गप्पा मारायचे.”

आजोबा उठून बसले. “मग मी समजायचं काय?”

“तुम्ही घंटा वाजवायची. पळत येईन, खरंखुरं येईन.”

बाई हसून हसून बेजार. त्या विचारत गेल्या, वहिनी सांगत गेली, एकदासुद्धा अडली नाही. शेवटी बाई म्हणाल्या, “पास.”

“कळलं नाही. परत सांगता?” वहिनी म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. बाईंनी सावकाश पुन्हा सांगितलं.

बाहेर आल्या आल्या मी तिला फैलावर घेतलं. “एवढासा शब्द कळला नाही तुला?”

“कळला की गं,” ती डोळे पुसत हसली. “पण इथे आल्यापासून कुठल्याच ऑफिसात मला कुणी ‘हो’ म्हटलं नव्हतं. म्हटलं, दोनदा ऐकून घ्यावं.”