गुरुवारचं टपाल

यशोदा गेल्याचं मला रघू पोस्टमनकडून कळलं. गुरुवार होता. मी खाली विहिरीवर कळशी भरत होतो, तेवढ्यात रघू घाटी उतरून धावत आला. हातात टपालाने आलेलं कोंबड्यांचं पत्रक तसंच. म्हणाला, "काका, वर चला. काकी पडवीत बसल्यात, हाक मारतोय तर बोलत नाहीत." मी म्हटलं, डुलकी लागली असेल. त्याने मान खाली घातली... कळशी तिथेच राहिली.

त्याला आता सात आठवडे झाले. मी दुसरी शिकलेला, जन्म चिरेखाणीत गेला. गोड बोलणं मला कधी जमलं नाही. आमचं घर गावापासून लांब, वर सड्यावर, उघड्या कातळावर एकटंच. मूलबाळ झालं नाही. माणसं यायची ती तिच्याकडे, आणि मी दिसलो की पाणंदीतूनच मागे फिरायची. मी म्हणायचो, बरं झालं, कटकट गेली.

रत्नागिरीत एक ऑफिस आहे. तिथून बागायतीची, मासे-कोंबड्या पाळायची माहितीपत्रकं दर आठवड्याला टपालाने फुकट येतात. पूर्वी आंब्याचं पत्रक मासेवाल्याला जायचं आणि मासळीचं आंबेवाल्याला. लोक भांडायला लागले, म्हणून साहेबांनी बाहेरच्या खोलीत कंप्युटर ठेवला. ज्याचं त्याने बघून घ्यायचं. आपला नंबर टाकला की टीव्हीसारख्या काचेवर हिरव्या अक्षरांत यादी येते. एक दाबला की नवीन पत्रक चालू, दोनला आपली कुठली चालू आहेत ती दिसतात, तीनला बंद, चारला बाहेर. काचेवरची अक्षरं इंग्रजी, पण भिंतीवर मराठीत कागद लावलेला आहे. यशोदा चौथी शिकलेली. तिला तेवढं पुरलं.

गेल्या दिवाळीनंतर ती दवाखान्यासाठी एस्टीने शहरात जायला लागली. पोटात दुखतं, एवढंच मला सांगायची. येताना त्या ऑफिसात जायची. आमची चार कलमं आहेत, म्हणून आधी आंब्याचं पत्रक लावलं. मग नारळ, काजू, मधमाश्या, मासळी... प्रत्येकाचा वार वेगळा. मी चिडायचो. "सड्यावर मासे पाळणार काय गो?"

"पाळीन. तुमचं काय जातंय?"

"आणि कोंबड्या? घरात एक तरी आहे?"

"एक कोंबडा आहे की. सकाळपासून आरवतोय."

रघू पडवीत बसून चहा पीत होता, तो खो खो हसला. मी उठून आत गेलो. तो आला की मी आतच जायचो.

एकदा मला जबरदस्तीने त्या ऑफिसात घेऊन गेली. "अहो, आत या. कसं करायचं ते बघून ठेवा." मी बाहेर पायरीवर बिडी ओढत बसलो. म्हटलं, तू आहेस ना. ती थोडी थांबली, मग एकटीच आत गेली... डॉक्टरांनी तिला काय सांगितलं होतं ते मला तिचं दिवसकार्य झाल्यावर कळलं.

पत्रकं तिच्या नावाने येतच राहिली. बाकीची सोसत होतो. गुरुवारचं सोसवेना. रघूच्या हातात कोंबडीचं चित्र दिसलं की मी परत विहिरीवर उभा असायचो. शेवटी ऑफिसात गेलो. तिथल्या देसाईबाईंना म्हटलं, बंद करा हे. त्या म्हणाल्या, "काका, इथे ज्याचं त्यानेच करायचं असतं. बसा, मी सांगते." या चिरे फोडलेल्या बोटाने मीच तीन दाबला. कोंबड्या बंद. "बाकीची?" बाईंनी विचारलं. मी उठून एस्टी गाठली.

पुढच्या गुरुवारी कोणी आलं नाही. पडवीत बसून राहिलो. दिवस मावळला तेव्हा ध्यानात आलं, आज मी तोंडातून एक शब्द काढलेला नाही. शुक्रवारी रघू मधमाश्या घेऊन आला. मी अंगावरच गेलो, "काल कुठे मेला होतास?"

"काल तुमचं टपाल नव्हतं, काका." मग बॅगेचा पट्टा ओढत म्हणाला, "काकींनी पण विचारलेलं मला. टपाल नसलं तर वर येणार नाहीस ना रे? मी म्हटलं, एवढी घाटी उगाच कोण चढेल, काकी? दुसऱ्याच आठवड्यापासून तुमच्याकडे रोजचं टपाल सुरू झालं."

मी बोटांवर वार मोजले. एक रविवार सोडला तर तिने एकही वार मोकळा ठेवला नव्हता. मी मोकळा केला...

सोमवारी पुन्हा ऑफिसात गेलो. नंबर तिचाच टाकला. एक दाबला, कोंबड्या चालू केल्या. गुरुवारी रघू आला. मी म्हटलं, बस. चहा मी केला. साखर विसरलो. त्याने निमूट प्यायला.

तिचा चष्मा अजून खिडकीत आहे. त्या दिवशी कप ठेवताना चष्म्याचं घर उघडलं, तर आत चिठ्ठी. पेन्सिलीने लिहिलेली, त्या ऑफिसातल्या कागदावर. मी पायरीवर बिडी ओढत होतो तेव्हाची असणार. "अहो, आधी ४१७. मग १ चालू करायला. २ बघायला. ४ बाहेर यायला. घाई करू नये. रघूला चहा द्यावा."

रोज वाचतो. तीन तिने लिहिलाच नाही. आधी वाटलं, विसरली असेल. पण ती विसरणारी बाई नव्हती.