वायरच्या दुकानातले नाना

दुकानात आल्यावर नाना आधी कात्री हातात घेत. भिंतीवरच्या प्रत्येक रिळाचं काळवंडलेलं टोक बोटभर कापायचं, आतलं तांबं लालसर निघालं की पुढच्या रिळाकडे वळायचं. गल्ल्यावरून दादा, म्हणजे थोरले बंधू, ओरडत, "रोज बोटबोट कापून एक दिवस अख्खं दुकान कापशील!" नाना हसत. वडील गेल्यावर चार महिने मदतीला म्हणून ते आले होते. त्याला एकतीस वर्षं झाली होती.

दुकान कसलं, बोळच तो. बाहेर पडायचं तर दादांच्या खुर्चीला अंग चोरून वळसा घालावा लागे.

एका दुपारी गाणं शिकवणाऱ्या एक बाई स्पीकरची वायर घ्यायला आल्या. दादांनी काचेच्या कपाटातली अंगठ्याएवढी जाड, सोनेरी टोकांची वायर काढली. "आवाज असा खुलेल, की शेजारी दाद द्यायला येतील."

"ते आधीच भांडायला येतात," बाई म्हणाल्या आणि नानांकडे वळल्या. "तुम्ही काय म्हणता?"

एरवी नानांनी मान डोलावली असती. त्या दिवशी जीभ सुटली.

"अंतर किती?"

"सहा मीटर असेल."

"मग साधी दोन पदरी पुरे. फक्त तांब्याची घ्या. पात्यानं खरवडल्यावर आत पांढरं दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम समजा. उरलेल्या पैशांत खोलीला जाड पडदे लावा, आवाज त्यांनीच सुधारेल."

बाई साधी वायर घेऊन गेल्या. दादा म्हणाले, "घरचा भेदी म्हणतात तो हाच!"

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला: आवाज मोठा येतोय, पण पोकळ. नाना गेले. वायरच्या एका पदरावर लाल रेघ होती. तो पदर बाईंनी एका स्पीकरच्या लाल खुंटीला जोडला होता, दुसऱ्याच्या काळ्या खुंटीला. नानांनी दुसऱ्या स्पीकरची टोकं अदलाबदल केली. खालचे स्वर भरून आले, खोलीला जणू तळ मिळाला. नाना गुडघ्यांवर बसूनच ऐकत राहिले.

"आमच्या संस्थेच्या सभागृहाला असा कान हवाय," बाई म्हणाल्या. "कायमची नोकरी आहे. सोमवारी कळवाल?"

रविवारपर्यंत नानांनी दादांना सांगायचं वाक्य न्हाणीघरात कितीदा तरी म्हणून पाहिलं. जेवताना अखेर त्यांनी घसा खाकरला. "दादा, मी काय म्हणतो..."

"थांब, आधी माझं ऐक." दादांचा आवाज कधी नव्हे तो मऊ होता. "नव्या पाटीवर तुझंही नाव घालतोय. उद्या रंगारी येईल. फार उशीर केला मी."

वहिनींनी डोळे पुसले. "भावजी, आता तरी हसा!"

नाना हसले. पाणी प्यायले. सोमवारी बाईंना त्यांनी फोनवर सांगितलं, दुसरं कुणी बघा. बाहेर शिडीवर चढलेला रंगारी विचारत होता, अक्षरं दोघांची सारखीच काढायची ना?

पाटीचा रंग पुढे दोनदा नवा करावा लागला. दादा थकले, पुतणी गल्ल्यावर बसू लागली. ज्या संध्याकाळी नाना स्टुलावरून पुन्हा कधी उठलेच नाहीत, त्या संध्याकाळी तिनं पर्स उचलत विचारलं होतं, "काका, येताय ना?"

"तू हो पुढे. मी दिवे बंद करून येतो."