इन्क्युबेटरचा दसरा

परदेशातल्या परिषदेत आमच्या संशोधन संस्थेचे संचालक विज्ञाननिष्ठेवर नाकाने कांदे सोलायचे. पुण्यात उतरले की त्यांना फक्त देणगीदार दिसायचे. त्या वर्षीचा देणगीदार खराडीचा होता. तिकडे तेव्हा काचेच्या इमारती उठत होत्या, त्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा मालक. आमचा पेशी उबेत वाढवायचा जुना इन्क्युबेटर बंद पडला होता. त्याने नवा घेऊन दिला आणि दसऱ्याला त्याची पूजा आपल्याच हातून व्हावी असा हट्ट धरला.

पूजेला माझी हरकत नव्हती. दरवर्षी आम्ही सगळ्या यंत्रांना बाहेरून झेंडूचे हार घालून पेढे खायचोच. पण या वेळी आत माझ्या पेशी होत्या. बिबवेवाडीच्या एका बाईंच्या गालातली गाठ काढली, तिचा तुकडा रुग्णालयातून बर्फात घालून आणून मी त्या वाढवल्या होत्या. मिश्री लावून झालेल्या कॅन्सरच्या पेशी बाटलीत सहसा टिकत नाहीत. या टिकल्या. माझी पीएच.डी. त्यांच्या जिवावर चालली होती. गोठवून राखून ठेवण्याइतक्या मात्र अजून झाल्या नव्हत्या. अजून आठवडाभर त्यांना कुणी हात लावायला नको होता, एवढंच.

बाईंनाही मी शब्द दिला होता. "माझ्या तोंडात काय वाढतंय, ते मला एकदा दावा," असं त्या म्हणाल्या होत्या.

दसऱ्याला संचालक रेशमी झब्बा घालून अवतरले. पादत्राणे बाहेर काढा, मास्क लावा, ही दारावरची पाटी त्यांच्याच सहीची. तिच्याखालून ते कोल्हापुरी करकरवत आत आले. मागून तो देणगीदार पाहुणा, फोटोवाला आणि सगळं ऑफिस.

"दार उघडा की, आतलं येऊ दे फोटोत," पाहुणा म्हणाला.

"सर, आत पेशी आहेत," मी म्हणाले.

"अहो, दोन मिनिटांचा प्रश्न आहे," असं म्हणत सरांनी आतलं काचेचं दारही स्वतःच उघडलं.

पाहुण्याने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, मूठभर अक्षता थेट बाटल्यांवर टाकल्या. फोटोवाल्याच्या मनासारखं होईना म्हणून पुन्हा टाकल्या. जिथे मी श्वासही बेताने घ्यायचे, तिथे लोक पेढे चघळत गप्पा मारत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि सर फोटोसाठी हसत होते.

थोड्याच दिवसांत प्रत्येक बाटलीत कापसासारखी बुरशी तरंगायला लागली. सगळ्या पेशी मेल्या. "तुमच्या हाताळणीत दोष असणार," सर म्हणाले. पाहुण्याने फोनवर विचारलं, "बॅकअप नाही घेतला?" या बुद्धीवर माणूस कंपनी काढतो आणि ती चालतेही.

मग एक दिवस त्या बाई आल्या. स्वारगेटला बस बदलून, पुन्हा सुजलेल्या गालावर पदर धरून. सरांनी विकतच्या पेशींची एक बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तिला काय कळतंय?"

बाई बराच वेळ डोळा लावून बसल्या. "ह्या माझ्या?"

"तुमच्याच!" सर म्हणाले.

"नाहीत," मी म्हणाले. "या दुसऱ्या कुणाच्या आहेत. तुमच्या मेल्या."

सरांचा चेहरा पडला, त्याचं मला बरं वाटलं. पण बाईंनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"मेल्या? समद्या?"

"सगळ्या."

"मंग बरंच झालं की ओ ताई!" त्या हसल्या. पदर गालावरून घसरला, त्याचंही त्यांना भान नव्हतं. "कशानं मेल्या? तेच द्या की मला."

मी सरांकडे पाहिलं. ते पाठ फिरवून इन्क्युबेटरवरचा वाळलेला हार काढत होते. बाई माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.