वांग्यांना हत्तीचं खत

हत्ती जे खातो ते सगळं पचवतोच असं नाही, हे मला माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात कळलं. दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळलं असतं तर मी त्या मार्गाने गेलो असतो. पण आमच्या घरात शहाणपण येतं ते पंगत बसल्यावर, चारचौघांसमोर.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. सौंदडजवळच्या एका खेड्यात मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. सगुणाचं, म्हणजे बहिणीचं, साक्षगंध (तिकडचा साखरपुडा) होतं. वराचे वडील मोतीरामजी कामठ्याकडचे मोठे शेतकरी आणि त्यांच्या वांग्यांचं नाव लांबपर्यंत. जेवताना त्यांनी आमच्या भाजीतली फोड बोटाने दाबून पाहिली.

"वांगं बाजारचं दिसते," ते म्हणाले.

"हो जी," बाबा म्हणाले.

"काऊन? तुमच्या बाडीत काई होत नाही?"

घरामागच्या आमच्या बाडीत तेव्हा एक पपई आणि पुष्कळ दगड होते.

"मास्तर लोकायच्या बाडीत खडूच पिकते म्हना," असं म्हणून व्याही हसले. सगळे हसले. मीही हसलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी उठून उभा राहिलो (हातात वरणाचा द्रोण तसाच) आणि जाहीर केलं, की लग्नाच्या पंगतीत वाढलं जाणारं एकूण एक वांगं माझ्या बाडीतलं असेल.

"अन् बाजारचं निघालं त?"

"त तुम्ही पाटावरून उठून जा."

"उठून जाईन," मोतीरामजी शांतपणे म्हणाले आणि त्यांनी भात कालवायला घेतला. याआधी दोन लग्नांत ते खरोखरच उठले होते, हे बाबांनी मला पाहुणे गेल्यावर सांगितलं. त्यानंतर बाबांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

सगुणा तेवढी बोलली. "दादा, तुह्या वांग्यापायी माहं लगन नको मोडू." हे ती हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते.

लग्न माघात होतं, आणि आत्ता पावसाळा तोंडावर. बी चांगलं होतं, पाणी विहिरीचं होतं. प्रश्न खताचा होता. शेण घरचंच, पण ते माझ्या बायकोच्या, यमुनेच्या, ताब्यात. सडा, सारवण, गोवऱ्या यांतून पाटीभर उरलं तर नशीब. "शेन तुमाले देलं त चुलीत काय तुमची पुस्तकं घालू?" तिने विचारलं. मग जरा दया येऊन म्हणाली, "माह्या बाबाच्या घरी शेळ्यायच्या लेंड्या हायेत. दोन वर्साच्या कुजल्या, पार माती झाली. एक बंडी आना अन् वांगे पाहा."

सल्ला उत्तम होता. त्यात खोट एकच, की तो सासऱ्यांच्या घराकडे जात होता. माझ्या बाडीतल्या वांग्याचं श्रेय सासऱ्यांच्या शेळीने घ्यावं, हे मला पटेना. मी इतर जनावरांचा विचार सुरू केला. शेजारच्या सुकडूने मागच्या वर्षी मिरचीला कोंबड्यांचं ताजं खत घातलं होतं आणि मिरची आठ दिवसांत करपली होती. तेव्हा कोंबडी बाद. म्हशीचं खत चांगलं, पण म्हैस गावात सगळ्यांकडेच, मग त्यात मास्तराचं डोकं ते काय दिसणार? शेवटी मी त्रैराशिक मांडलं. एवढीशी शेळी जर इतकी गुणकारी, तर हत्ती किती? उत्तर अचूक आलं. (मी चौथीला गणित शिकवत असे.)

जमीनदारांच्या दारात रामकली नावाची हत्तीण होती. तिच्या मागे साठलेली रास पाहून माझा जीव हरखला. माहूत रहीमभाई तर माझ्याहून हरखला, कारण ती रास उचलायचं काम त्याचं होतं.

"जितना चाहो ले जाओ, मास्टरजी. लेकिन पहले साल भर गड्ढे में सड़ाना पड़ता है. हमारी रामकली चबाती कम, निगलती ज़्यादा है."

"सालभर थांबायला वेळ नाही. लग्न आहे."

"किसका?"

"वांग्यांचं समजा."

रहीमभाईने रामकलीकडे पाहिलं, रामकलीने माझ्याकडे. दोघांचं माझ्याबद्दल एकमत झालेलं दिसलं. मी मात्र मनात म्हटलं, माहुताने हत्ती सांभाळावा, खताचं आपण पाहू.

बैलबंडी दारात आली तेव्हा माय तुळशीला पाणी घालत होती. काय आणलंय ते कळताच तिने तांब्या खाली ठेवला आणि हात जोडले. गणपतीचा प्रसाद दारात आला होता! तिने बंडीवर हळदकुंकू वाहिलं, बैलांना लावलं, गडबडीत बंडीवाल्यालाही लावलं. आणि फर्मान काढलं, की या खताला वहाण लागता कामा नये, फावडंसुद्धा नाही. त्यामुळे ते सबंध बाडीभर मी अनवाणी आणि हाताने पसरलं. यमुना दारात सुपात तांदूळ पाखडत बसली होती. तिने एवढंच विचारलं, "लेंड्या हातानं उचलाच्या होत्या का जी?"

मी रोपं लावली. ती चांगली लागलीही. पंधरा दिवसांनी मात्र प्रत्येक रोपाशेजारी जाडजूड, दुपानी कोंब वर आले. मला वाटलं, खताच्या जोराने वांगी जुळी होताहेत.

"हे कोहळं होय," यमुना म्हणाली.

उन्हाळ्याच्या शेवटी जमीनदारांच्या कोठीतली कोहळी (पुण्याकडे यांना लाल भोपळा म्हणतात) खराब व्हायला लागली, म्हणून ती रामकलीपुढे टाकली होती, हे मला नंतर समजलं. तिने गर ठेवून घेतला होता आणि बिया परत केल्या होत्या.

मी खुरपं घेऊन बाडीत शिरलो. माय आडवी आली.

"गनपतीनं देल्लं, अन् तू कायले उपटून राहिला?"

"माय, वांगी मरतील."

"मरू दे. देव कोहळं देते त तू वांगं कायले मांगतं?"

मी खुरपं परत ठेवलं. वेल वांग्यांवरून पपईवर गेले, पपईवरून कुडावर, कुडावरून आमच्या कौलांवर. हिवाळा आला तेव्हा पानांच्या त्या गर्दीत हात घालून मी वांगी शोधली. अकरा निघाली. त्यांतली चार किडकी. बाबा अंगणात उभे राहून छपराकडे पाहत होते. कित्येक महिन्यांनी ते माझ्याशी बोलले.

"त्रेचाळीस कोहळे," ते म्हणाले, आणि आत गेले.

बाजारातून वांगी आणायची सोय मीच मोडून ठेवली होती. पंगतीला कोहळ्याची भाजी आणि कोहळ्याची बोंडं, म्हणजे गोड भजी, असं ठरलं. ठरलं म्हणजे दुसरं काही नव्हतं. आता आमच्याकडे अख्खं कोहळं बाईमाणूस फोडत नाही. पहिला घाव पुरुषाने घालायचा, मग पुढचं चिरणं बायकांचं. त्रेचाळीस कोहळी, आणि गावातला एकही पुरुष माझ्या मदतीला यायला तयार नाही; लांबून बघायला मात्र सगळे तयार. वऱ्हाड आलं तेव्हा नवरीचा भाऊ फेटा बांधून मांडवाच्या दारात हवा. मी फेटा बांधून बाडीत बसलो होतो, मांडीत कोहळं आणि हातात कोयता घेऊन.

मोतीरामजी मांडवात न थांबता थेट मागे आले.

"मास्तर, वांगे कोठी हायेत?"

मी कोयत्याने पानांकडे दाखवलं. "बाजारचं एकबी नाही जी."

"बाडीतले किती?"

"सात."

ते पंगतीत जाऊन बसले, मी कोयत्यासकट त्यांच्या मागोमाग. भाजी वाढली, बोंडं वाढली. त्यांनी एक बोंड मोडून तोंडात टाकलं, मग दुसरं, मग तिसरं. आतल्या दारात सगुणा मुंडावळ्यांसकट उभी होती आणि तिची नजर त्यांच्या हातावर होती.

"गोड हाये कोहळं. बी कोठचं?"

मी खोकलो. बाबा दुसरीकडे पाहू लागले. पण माय अभिमानाने पुढे झाली.

"जमीनदाराच्या हत्तिनीच्या पोटातून आलं जी. साक्षात गनपती."

पंगतीतले हात थांबले. कोणीतरी तोंडाशी नेलेलं बोंड हळूच पत्रावळीवर परत ठेवलं. आणि मोतीरामजी पाटावरून उठले.

सगुणाने दाराची चौकट धरली. मला कोयता स्वतःवर चालवावासा वाटला, पण तो बोथटला होता. मोतीरामजी सगळ्यांच्या देखत बाडीत गेले, वाकून मूठभर माती उचलली, हुंगली, बोटांत चोळली. हात धुऊन परत येऊन पाटावर बसले.

"ताजंच घातलं होतं?"

"हो जी."

"सालभर सडवलं नाही?"

"नाही जी."

"मास्तर हायेस खरा," ते म्हणाले आणि त्यांनी आणखी दोन बोंडं मागून घेतली. सगळी पंगत पुन्हा जेवू लागली. मग ते बाबांना म्हणाले, "पोरगी चांगली हाये. पोराचं आता काई होत नाही. हा दिवाळीले आमच्याकडे येईल तवा त्याच्याजवळ याच खाताची एक बंडी द्या. सडवाचं मी पाहतो."

बहिणीच्या पहिल्या दिवाळीला भाऊ लुगडं घेऊन जातो. मीही नेलं होतं, पण बंडीत त्याच्याखाली काय आहे ते गावाच्या वेशीपासूनच सगळ्यांना कळलं होतं, आणि सगुणाने ओवाळताना आरतीचं ताट माझ्यापासून हातभर लांब धरलं.

मोतीरामजींनी ते खत खड्ड्यात पुरतं वर्षभर कुजवलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात त्यांच्याकडून आमच्याकडे वांग्यांची टोपली येते. वांगी इतकी सुरेख, की माय त्यांनाही हळदकुंकू लावते. मात्र वांगं चिरायला पुरुषाचा हात लागत नाही, त्यामुळे घरात माझा होता तेवढा उपयोगही आता उरलेला नाही.