ताईच्या पैशांचे शेअर

ताई गेल्यावर तीन आठवड्यांनी विमा कंपनीची एक तरुण बाई पडताळणीला आली. मी तिथेच होतो. ताई माझी मोठी बहीण. तिचे यजमान, आमचे भावजी, त्याच कंपनीत एकतीस वर्षं हेच काम करून निवृत्त झालेले. माणूस गेला की त्याच्या घरी जायचं, कागद बघायचे, चार प्रश्न विचारायचे आणि दावा खरा असल्याचा शेरा मारायचा. समोर कुणी कितीही रडो, यांच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. ऑफिसात त्यांना ‘फ्रीज’ म्हणत.

बाई बिचारी अवघडून गेली होती. दोन प्रश्न विचारून तिने फाइल मिटली.

“आधीच्या आजाराचं विचारलं नाहीत तुम्ही,” भावजी म्हणाले.

“राहू दे ना, सर.”

“राहू दे कसं? लिहा. पॉलिसी घेतली तेव्हा आजार नव्हता. अर्धवट फाइल वरून परत येते.”

तिने लिहिलं. भावजींनी ते वाचून मान डोलावली आणि चहा टाकायला उठले. मलाही रडू येत नव्हतं. कान बंद झाल्यासारखं वाटत होतं, एवढंच.

महिन्याभरात पैसे जमा झाले. लांब राहणारी भाची फोनवर म्हणाली, “बाबा, नुसते पडून राहू देऊ नका. शेअर घ्या, मामाला विचारा.” मामा म्हणजे मी, बँकेचा माजी मॅनेजर. रविवारी सकाळी आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो.

“बँकच घ्या,” मी म्हणालो. “कमी व्याजाने घ्यायचं, जास्त व्याजाने द्यायचं, सरळ धंदा. किती कर्जं बुडाली ते दर तीन महिन्यांनी कळतं.”

“खरं कळतं?”

मी घुटमळलो. एका कापड कारखान्याचं थकलेलं कर्ज मी स्वतः नवं कर्ज देऊन सुरळीत दाखवलं होतं. वरून फोन आला होता.

“उशिरा कळतं,” मी म्हणालो.

“विम्यात त्याहून उशिरा. आज विकलेल्या पॉलिसीत कमावलं की गमावलं, ते वीस वर्षांनी कळणार. तोवर सगळा अंदाज, आणि शेअरचा भाव त्या अंदाजावर. पहिल्या वर्षाचा बराचसा हप्ता एजंट आणि खर्चच खातात. माणूस पुढे भरत राहिला तरच कंपनीचं भलं.”

“आणि माणसं गेली की नुकसान.”

“ते धरलेलंच असतं. किती जाणार ते आधीच मांडलेलं असतं. कुणी दचकत नाही.”

दूध संपलंय म्हणावं तसं ते म्हणाले. मी टेबलावरच्या प्लॅस्टिकची सुरकुती बोटाने सपाट करत राहिलो.

“मग विमा नको?”

“वाईट नाही, संथ आहे. थांबू शकेल त्याने घ्यावा. मी बासष्टचा. तीन भाग बँक माझ्या नावावर, एक भाग विमा पोरीच्या.”

“तुमच्याच कंपनीचा?”

“दुसऱ्या कंपनीचं मला काय कळतं?”

आठ महिन्यांनी त्या बँकेचा एक मोठा कर्जदार बुडाला आणि शेअर एक तृतीयांशाने आपटला. मी चेहरा पाडून गेलो.

“विकूया का, भावजी?”

“का? बँक चालू आहे ना?”

त्यांनी मला एक जाड पुस्तिका दिली. विमा कंपनीचा वार्षिक अहवाल होता. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती: वर्षभरात निकाली काढलेले मृत्युदावे. पुढे सहा आकडी संख्या.

“यात ती आहे,” भावजी म्हणाले.

मी मान हलवली.

“मागच्या वर्षीपेक्षा दावे कमी आहेत.”

“मग बरं आहे,” मी म्हणालो.

बँकेचा भाव अजून पुरता सावरलेला नाही. विम्याचा जागचा हलत नाही. मी रविवारी जातो, कधी बोलणं होतं, कधी नुसते बसतो. गेल्या रविवारी त्यांनी एकदम विचारलं, “शेअरबिअर तुझ्या ताईला कळायचं का रे?”

“आमच्या घरात तिलाच कळायचं. आमचे बाबा तिला विचारून घ्यायचे.”

“मी कधी विचारलंच नाही,” ते म्हणाले आणि कपबशा उचलून आत गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मी थोडा वेळ बसलो, मग चपला घातल्या.