टोपल्यात ठेवायचं अंडं

आई वारली त्या दिवशीही कोंबडीने अंडं घातलं. आईच्या हातची तेवढी एकच कोंबडी घरात उरली होती. टोपल्यातली अंडी उचलताना आई एक अंडं तसंच ठेवायची. ते दिसलं की कोंबडी पुन्हा तिथंच येऊन बसते. सुतक फिटल्यावर वहिनीने घर सारवलं आणि टोपलंही रिकामं करून उन्हात टाकलं. एक अंडं ठेवायचं हे आम्हां कुणाच्या लक्षात आलं नाही. कोंबडी शेजारच्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगात अंडी घालू लागली.

ती अंडी आणून देताना शेजारच्या मावशी म्हणाल्या, "लयच सफाई केली की तुमी! एक ठिवावं लागतंय, बाबा. तुझी माय असती तर कोंबडी अशी गेली असती व्हय?"

मी दुकानातलं अंडं आणून टोपल्यात ठेवलं. कोंबडी तिकडे फिरकली नाही. आता ती आमच्या अंगणात फक्त दाणे टिपायला येते.